कुरेनोकोरीला एकेरी फूल

१

“पहिलं फूल उघडलं की आधी तोमेला हाक मार, योने. मी असलो काय, नसलो काय. बाकी जग मागून.”

तोकुजिरो मालक दर वसंतात हेच सांगायचे आणि सांगून झालं की खोकायचे. गेल्या शरदाच्या शेवटी ते गेले. तरी यंदा कळ्या फुगायला लागल्या तसा तो आवाज मला रोज पहाटे बागेच्या दारातच गाठायचा, खोकल्यासकट.

सरोवरातल्या आमच्या दाइकोन बेटावर बोतान या फुलझाडाची कलमं होतात. पुरुष माणसं झुडपं लावतात, उपटतात. बायका ती पाठीवर बांधतात आणि देशभर दारोदार विकत फिरतात. मीही बरीच वर्षं फिरले. गुडघे गेले तेव्हा कादोवाकींच्या, म्हणजे तोकुजिरो मालकांच्या बागेत कलमं बांधायला बसले.

त्या दिवशी हवा कोंदट होती. धक्क्यावरच्या जिझोंच्या दगडी मूर्तीपुढचं पाणी बदलल्याशिवाय मी सकाळी तोंडातून शब्द काढत नाही, हा माझा नेम आहे. घागर घेऊन बागेतून आडवी निघाले होते. झाडावर उन्हासाठी लावलेल्या कागदी छत्रीखाली काहीतरी जांभळं हललं आणि माझे पाय थांबले.

सूर्य बुडून गेल्यावरही पाण्यावर थोडा वेळ एक जांभळा उजेड मागे राहतो. आमच्याकडे त्याला कुरेनोकोरी म्हणतात. मालकांनी बियांपासून वाढवलेल्या झाडाला पहिल्यांदा खरं फूल आलं तेव्हा त्यांनी त्याला तेच नाव दिलं. बशीएवढं फूल, पाकळ्यांवर पाकळ्या, इतक्या दाट की मधला पिवळा परागाचा गोंडा कधी कुणाला दिसलाच नाही. असं झाड दुसरीकडे कुठे नव्हतं. मालकांनी कलमासाठी त्याची एक काडीसुद्धा कुणाला दिली नव्हती.

आणि आता त्या झाडावर एक पातळ, एकेरी फूल उघडलं होतं. रंग तोच. पण पाकळ्यांची एकच ओळ, आणि मध्ये पिवळाधमक गोंडा माझ्याकडे डोळे वटारून बघत होता.

माझ्या घशात हाक आली. ती मी गिळली. धक्क्यावर गेले, पाणी बदललं, हात जोडले. घाईत अर्धं पाणी दगडावरच सांडलं. मग परत येऊन तोमेबाईंना हाक मारली.

मालकीणबाई अनवाणीच आल्या. फुलासमोर उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग ओठ आवळले गेले.

“हे आमचं झाड नाही,” त्या म्हणाल्या. “कुणीतरी बदललंय.”

२

घटकाभरात बातमी कुंपणाबाहेर गेली. शेजारच्या बागेचा इवाता चप्पल फटफटवत आला. मालकांचा मुलगा शिन्साकु हातातलं फावडं तसंच घेऊन आला. सून फुसाए पाच वर्षांच्या चिझुचा हात धरून जरा मागेच उभी राहिली.

इवाता झाडाभोवती फिरला. “गेल्या वर्षी याला पाच खोडं होती. ही बघा, तीन. मागच्या रांगेतलं याचंच एखादं भावंड दिसतंय.”

मालकांनी एकाच फळातल्या बिया लावल्या होत्या. त्यातलं एक कुरेनोकोरी निघालं. बाकीच्यांना सगळी एकेरी फुलं यायची. मागच्या रांगेत ती भावंडं उगाच जागा अडवून उभी होती. पानं तशीच, रंगही तोच.

“मागची रांग मी आणि बाबांनी शरदात काढून टाकली,” शिन्साकु म्हणाला.

“काढली म्हणजे जाळली ना? का एखादं ठेवलं होतं कुणासाठी?”

“इवाताकाका, तुम्ही तोंड सांभाळा. काडी द्या, काडी द्या म्हणून बाबांच्या मागे कोण लागलं होतं?”

“मागितली ती समोरून मागितली रे! आणि तुझ्या बापाने समोरून नाही म्हटलं. हसत हसत म्हटलं. मी रात्रीचा फावडं घेऊन फिरणारा माणूस वाटतो तुला?” इवाताचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. त्याने फुसाएकडे बघितलं. “मला बोलायचं नव्हतं. पण लाँचवाला सांगत होता, नव्या वर्षानंतर ऐन थंडीत या घरातून पेंढ्यात बांधलेलं एक गाठोडं पलीकडे गेलं. साकाइच्या बंदरात. कलमं बांधतो तसंच बांधलेलं.”

साकाइचं बंदर म्हणजे फुसाएचं माहेर.

चिझुने आईच्या हाताला झोका दिला.

“फुसाए,” तोमेबाई म्हणाल्या, “नेलंस?”

“नेलं, आई.”

“काय होतं त्यात?”

फुसाएने मान खाली घातली. तिच्या कपाळावर घाम होता. “मी या घरातलं काही चोरलेलं नाही.”

“मी काय होतं ते विचारलं.”

शिन्साकु तिच्याजवळ सरकला. “अगं सांग ना. काय असेल ते सांगून टाक.” तिने त्याच्याकडेही बघितलं नाही.

ही मुलगी या घरात आली तेव्हापासून मी तिला बघतेय. झाडं उपटायच्या हंगामात चिखलात गुडघ्यापर्यंत उतरून शिन्साकुच्या बरोबरीने राबणारी. खोटं बोलायचं असतं तर तिने कधीच काहीतरी सांगून सुटका करून घेतली असती.

“सकाळच्या लाँचने माहेरी जा,” तोमेबाई म्हणाल्या. “झाड परत आलं तर ये. नाही आलं तर येऊ नकोस. पोर इथेच राहील. ती कादोवाकींची आहे.”

“बाई, फुलं गळेपर्यंत तरी थांबा,” मी म्हटलं.

“तुला काय कळतं योने? तुला सून आहे का?”

फुसाएने चिझुच्या केसांतला पेंढ्याचा तुकडा काढला, केस सारखे केले आणि कपडे बांधायला आत गेली. ती गेल्यावर चिझु माझ्याकडे आली. “योनेआजी, आई बंदरातून कधी येणार?”



३

चिझु त्या दिवसापासून जेवेना. भाताची वाटी पुढे ठेवली की ती वाटीकडे बघत बसायची. शिन्साकु बागेत जायचा आणि रिकाम्या हाताने परत यायचा. तोमेबाई देवघरासमोर बसून राहायच्या. फोटोतल्या मालकांपुढचा चहा गार व्हायचा, त्या तो बदलायच्या, परत गार व्हायचा.

मी पोलीस नाही आणि मला कुणी शोध घ्यायलाही सांगितलं नव्हतं. पण झाड सापडलं नाही तर ही पोर आईविना वाढणार, एवढं मला दिसत होतं. दुसरं काही सुचेना तेव्हा विचारत सुटले.

आधी इवाताकडे गेले. तो ओट्यावर बसून विळा घासत होता.

“या मावशी. झडती घ्यायला आलात? तांदळाच्या डब्यात बघा. तिथे ठेवलंय ते झाड.”

“चिडू नका हो. मी फक्त विचारतेय.”

“मग मीच तुम्हाला विचारतो. समजा मी चोर. मला कुरेनोकोरी हवंय. तर मी काय करीन?”

“काडी न्याल.”

“काडी! ऑगस्टात एक काडी सदऱ्याच्या आत घालायची, घरी येऊन खुंटावर बांधायची. झालं. कुणाच्या बापाला कळणार नाही. तीन-चार वर्षांत माझ्या बागेत फूल. अख्खं झाड उपटायचं, त्या जागी दुसरं आणून लावायचं, एवढी हमाली कुठला कलमवाला करेल? ज्याला कलम ठाऊक आहे तो झाड चोरत नाही.”

विळ्यावरून अंगठा फिरवत तो पुढे म्हणाला, “त्या पोरीलाही कलम येतं, नाही का? तुम्हीच शिकवलंत.”

मी उठता उठता थांबले. म्हणजे तीही झाड चोरणारी नव्हे. हे त्याच्या तोंडून निघालं, आणि निघाल्यावर तोच जरा ओशाळला. “लाँचवाल्याचं मी बोललो ते चुकलंच माझं. पण बोलून गेलो.”

शिन्साकु मागच्या मोकळ्या रांगेत उभा होता. जमिनीत भावंडांचे खड्डे अजून दिसत होते.

“सगळी जाळलीस का रे? नक्की?”

“बाबांसमोर. एकेक मोजून आगीत टाकली. बाबा म्हणाले, आता माझ्यामागे कुणी या सावत्रांना कुरेनोकोरी म्हणून विकायला नको.” त्याने पायाने एक ढेकूळ खड्ड्यात ढकललं. “मावशी, मी बायकोला थांबवू शकलो नाही. आईसमोर माझी जीभच उचलत नाही. बाबा गेले तेव्हा आई नव्हती ना. तेव्हापासून ती अशीच.”

ते मला ठाऊक होतं. मालकांनी अंथरूण धरलं तेव्हा तोमेबाई उत्तरेला विक्रीच्या फेरीवर होत्या, बर्फाच्या मुलखात. तार एका खानावळीत पोहोचली की त्या पुढच्या गावी गेलेल्या असायच्या. चिझुला गोवर आला म्हणून फुसाए मात्र पहिल्या फेरीला न जाता घरी होती. शेवटचं पाणी ओल्या बोळ्याने मालकांच्या ओठांना तिनेच लावलं. तोमेबाई परतल्या तेव्हा घरात पांढऱ्या कापडातली अस्थींची पेटी होती.

“शिन्साकु, थंडीत कुरेनोकोरीला पेंढा तू बांधलास ना?”

“मी? नाही. मला वाटलं, तुम्ही बांधलात.”

“मला वाटलं, तू. वसंतात मी तो सोडला फक्त. एका ओढीत सुटला.”

“मग फुसाएने बांधला असेल.”

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. दुःखाच्या घरात सगळंच विस्कटलेलं असतं. कुणीतरी केलं असेल म्हणून कुणी विचारत नाही. पण ज्याने पेंढा बांधला त्याला तेव्हा त्या झाडाजवळ काम होतं.

मी तडक झाडापाशी गेले. गुडघे कुरकुरले तरी जमिनीवर टेकले. बुंध्यावरचं शेवाळ शोधलं. शेवाळ उत्तरेला धरतं, ऊन नको असतं त्याला. या खोडावरचं शेवाळ भर दक्षिणेला होतं, उन्हात करपून तपकिरी झालेलं. म्हणजे झाड जमिनीतून निघालं होतं आणि परत लागताना फिरलं होतं. आमच्याकडे झाड उपटण्याआधी दक्षिणेच्या फांदीला लाल दोरा बांधतात. दिशा चुकली की झाड रुसतं असं म्हणतात. हे ज्याने लावलं त्याला तो दोरा आठवला नव्हता.

मग बुंध्याभोवतीचा पालापाचोळा बाजूला केला. माती बोटांनी उकरली. जमिनीच्या अगदी लगत खोडाला एक कंगोरा लागला, जखम भरून आल्यासारखा. त्याच्या सालीतून काथ्याचं एक काळं टोक बाहेर डोकावत होतं.

फार वर्षांपूर्वी बर्फाने कुरेनोकोरीचं खोड चिरलं होतं. मालकांनी ते काथ्याच्या दोरीने आवळून बांधलं आणि ती दोरी सोडायची राहून गेली. सालीने ती गिळली. मी तेव्हा त्यांच्या शेजारी बसून दोरीचं दुसरं टोक धरलं होतं.

कुणीही काहीही बदललेलं नव्हतं. हेच कुरेनोकोरी होतं.

४

दुसऱ्या दिवशी जिझोंचं पाणी बदलून तशीच लाँचवर चढले. कुणाला सांगितलं नाही. सांगून काय सांगणार होते? झाड तेच आहे, मग फूल असं का, याचं उत्तर द्यावं लागलं असतं. आणि ते उत्तर माझ्याकडे असलं तरी त्याच्या मागून आणखी वाईट प्रश्न येत होता.

उत्तर मला फेरीने दिलं होतं. उत्तरेच्या एका गावात एका बाईने माझ्या अंगावर धुणं धुतलेलं पाणी फेकलं होतं. “दुहेरी म्हणून एकेरी विकलंस, लबाडे!” तिच्याकडे मी पुढल्या वर्षीही गेले, त्याच्या पुढल्या वर्षीही. तिसऱ्या खेपेला तिने मला आत बोलावून मुळ्याचं लोणचं दिलं. फूल भरगच्च आलं होतं. मुळं दुखावली की बोतान पाकळ्या आखडतं. नव्या कलमांचं असं होतं हे बेटावर सगळ्यांना ठाऊक आहे. पण म्हातारं झाड आम्ही कधी हलवतच नाही. म्हणून म्हाताऱ्या झाडाला एकेरी फूल आलं तेव्हा एवढ्या जाणत्या माणसांपैकी कुणाच्याही मनात ते आलं नाही. माझ्याही नाही.

म्हणजे कुणीतरी झाड काढलं, गड्डा फोडून दोन खोडं वेगळी केली आणि उरलेलं परत लावलं. पेंढ्यातलं गाठोडं पलीकडे गेलं होतं. लाँच बंदराला लागली. मी फुसाएला सोडवायला निघाले होते, आणि हाती येत होतं ते तिलाच बांधणारं.

फुसाएचं माहेर वाळूच्या पट्टीवर, मासे वाळवायच्या चटयांच्या मागे. ती चटईवर छोटे मासे पसरत होती. मला बघून उभी राहिली.

“चिझु बरी आहे ना?”

“जेवत नाही नीट.”

तिने तोंडावर पदरासारखं डोक्याचं फडकं ओढलं. मी तिच्या मागे बघत होते. घराच्या आडोशाला, वारा लागू नये म्हणून मासळीच्या फळ्या उभ्या केलेल्या, आणि त्यांच्या मध्ये दोन बुटकी खोडं. एक वाळून काटकी झालेलं. दुसऱ्याला लालसर पानांचा एक झुबका.

“फुसाए,” मी म्हटलं, “हे कुरेनोकोरी आहे.”

“हो.”

“तू फोडलंस?”

“नाही, मावशी.”

“मग कुठून आणलंस?”

ती बराच वेळ मासे सारखे करत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, “मठामागे बाबांच्या अस्थी पुरल्यात, त्या कबरीवरून. नव्या वर्षानंतर झाडायला गेले होते. आईंनी मला तिकडे जायचं नाही असं सांगितलं होतं, तरी गेले. दगडामागे हे लावलेलं होतं. त्या शिंपल्यांच्या खडीत! मुळं वर आलेली, कळ्या सुरकुतलेल्या. अजून चार दिवस राहिलं असतं तर मेलंच असतं. बेटावर कुठे लावलं तर कुणीही ओळखणार. म्हणून इथे आणलं.”

“कुणी लावलं होतं तिथे?”

“मला नाही माहीत.”

“बघ माझ्याकडे.”

“मला माहीत नाही म्हणतेय ना मावशी!” तिचे डोळे भरले. “हे झाड जगेल. मग मी कधीतरी गुपचूप नेऊन ठेवीन. तुम्ही इथे काही बघितलं नाही. मला शब्द द्या.”

“शब्द कसा देऊ? तुझी पोर तिकडे उपाशी बसलीय.”

थोडे वाळलेले मासे निवडून तिने एका कागदात घातले, वर कापड गुंडाळलं, दोरीने आवळून बांधलं. “हे तिला आवडतात. भातावर कुस्करून द्या.”

परतीच्या लाँचवर सरोवराला लाटा होत्या. कापडातून माशांचं तेल झिरपतंय असं वाटलं म्हणून मी दोरी सोडायला गेले. सुटेना. फुसाएने निरगाठ मारली होती, बागेत झुडपांना आधार बांधताना मारतात तशी, ओली झाली की आणखी घट्ट बसणारी. नखं दुखली, दात लावले, तरी सुटेना.

आणि मग माझे हात थांबले.

वसंतात कुरेनोकोरीचा पेंढा एका ओढीत सुटला होता. टोक डावीकडे दुमडलेलं, दोन वेढ्यांखाली सरकवलेलं. ती फेरीची गाठ. परक्याच्या दारात, थंडीने बोटं वाकत नसताना, गिऱ्हाईक दार लावून घेण्याआधी कलम सोडून दाखवावं लागतं. म्हणून आम्ही फेरीवाल्या बायकाच ती गाठ मारतो. बागेतले पुरुष मारत नाहीत. फुसाए कधी फेरीवर गेलीच नव्हती. माझ्या हाताला ती गाठ इतकी ओळखीची होती की हाताने मनाला कळवलंच नाही.

कादोवाकींच्या घरात ती गाठ येणारी दोनच माणसं. त्यातली एक मी.

५

तोमेबाई देवघरासमोरच होत्या. मी मागे बसले. आधी मालकांना हात जोडले.

“बाई, मी साकाइला जाऊन आले.”

“तुला कुणी सांगितलं होतं?”

“कुणी नाही.” माझा आवाज मुळातच बारीक, तेव्हा तर मलाच ऐकू येईना. “झाड बदललेलं नाही. मालकांनी बांधलेली दोरी अजून त्याच्या सालीत आहे. झाड काढून फोडलं गेलं, म्हणून यंदा एकेरी फूल. पुन्हा हलवलं नाही तर भरेल. वेळ लागेल, पण भरेल.”

त्यांची पाठ ताठ झाली. “मरणार नाही ते?”

झाड फोडलं हे ऐकून त्या दचकल्या नाहीत. कुणी फोडलं असं विचारलं नाही. मरणार नाही ना, एवढंच विचारलं.

“नाही मरणार. ज्याने फोडलं त्याने परत लावताना दिशा चुकवली. म्हणजे रोज झाडं उपटणारा हात नव्हता तो. शिन्साकुचा नाही, इवाताचा नाही, फुसाएचाही नाही. आणि वरून पेंढा बांधला तो फेरीच्या गाठीने. तो मी बांधलेला नाही, बाई.”

बाहेर शिन्साकु लाकडं फोडत होता. तोमेबाई त्या आवाजाकडे कान देऊन बसल्यासारख्या बसल्या.

“सगळे इवाताचं छप्पर शाकारायला गेले होते तेव्हा,” त्या म्हणाल्या. “दुपारभर खणलं. मुळं किती खोल गेलीत मला काय ठाऊक! जन्मभर तयार कलमं पाठीवर घेतली, खड्ड्यात कधी उतरले नाही. ते म्हणायचे, तू विक, मी लावतो.” त्यांनी तळवे मांडीवर उताणे ठेवले. “माझ्या हातून त्यांच्या ओठांना थेंबभर पाणी लागलं नाही, योने. परक्याच्या दारात उभी राहून मी बोतान किती सुंदर फुलतं ते सांगत होते तेव्हा. निदान फूल तरी माझ्या हातचं असावं, त्यांच्याजवळ.”

“मग ते कबरीवरून नाहीसं झालं.”

“मठात झाडलोट करणाऱ्याने फेकलं असेल असं समजले. वाळतच होतं. वाटलं, माझ्या पापाने वाळलं. मग इथे ते फूल आलं. त्या पिवळ्या गोंड्याकडे बघून मला वाटलं, मी यालाही मारलं. त्यांचं एवढं आयुष्य मी एका दुपारी मारलं. तोंडातून निघून गेलं, कुणीतरी बदललंय म्हणून. मागे घ्यायचं होतं. पण इवाताने ते गाठोडं काढलं आणि...” त्या थांबल्या. “मला कळलं, कबरीवरून कुणी नेलं ते. वाटलं, हिने पाणीही घेतलं आणि आता फूलही घेतलं. माझ्यासाठी काही म्हणून ठेवलं नाही हिने.”

“तिने ते जगवलंय, बाई. वाळूत, फळ्यांचा आडोसा करून. एका खोडाला पान आहे.”

तोमेबाईंनी माझ्याकडे वळून बघितलं.

“मग बोलली का नाही? सगळ्यांसमोर विचारलं मी तिला!”

“काय बोलणार होती? कबरीवर ते कुणी लावलं, हे सांगावं लागलं असतं. मीही विचारलं. मलाही नाही सांगितलं.”

त्यावर त्यांचा चेहरा जो झाला तो मी नीट बघितला नाही. बघायचा नव्हता. फोटोपुढचा चहा त्यांनी उचलला, तसाच गार पिऊन टाकला आणि कप खाली ठेवताना त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला, कुणीतरी मागून ढकलल्यासारखा.

चिझु दारात उभी होती. किती वेळ कोण जाणे. मी गडबडीने कापडाची पुरचुंडी तिच्यापुढे केली. “हे बघ, आईने दिलेत.”

तिने पुरचुंडीचा वास घेतला. “आई का नाही आली?”

“मी येऊ दिलं नाही म्हणून,” तोमेबाई म्हणाल्या. “माझ्याकडून चूक झाली. मी तिला घेऊन येते.”

“कधी?”

“आज.”

“खोटं. मोठी माणसं आज म्हणतात आणि येत नाहीत.”

तोमेबाईंनी करंगळी पुढे केली. पोरीने जरा विचार केला, मग आपली करंगळी तिच्यात अडकवली आणि जोराने हलवली.

त्या उठल्या. पायांना फेरीच्या पट्ट्या गुंडाळल्या. शिन्साकु कुऱ्हाड टाकून आला, “आई, मी येतो बरोबर,” म्हणाला. “तू पोरीला जेवायला घाल,” त्या म्हणाल्या. मी चपला पायात सरकवत होते, मलाही हातानेच थांबवलं.

“काय म्हणू गं मी तिला?”

“मला नाही सांगता येणार, बाई.”

“नाहीच सांगता येणार,” त्या म्हणाल्या.

कुंपणाशी इवाता उभा होता. शेजाऱ्याला राहवेना. “काय तोमेबाई, एवढ्या घाईने? सापडला का चोर?”

“सापडला,” तोमेबाई म्हणाल्या. “मीच ती. संध्याकाळी ये, सगळं सांगते. सगळ्यांना बोलाव.”

इवाताचं तोंड उघडंच राहिलं. त्यांनी त्याला वाकून नमस्कार केला आणि धक्क्याच्या वाटेला लागल्या. मी फाटकाशी उभी राहून बघत होते. वाऱ्याने डोक्याचं फडकं उडत होतं. अर्ध्या वाटेवर त्या थांबल्या. मला वाटलं, परत फिरतात की काय. पण त्यांनी फडकं सोडलं, घट्ट बांधलं, आणि तशाच सावकाश पुढे गेल्या. लाँच अजून लागायची होती. वाट बघणाऱ्यांत त्या सगळ्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.